स्वयंपाकघरातली चार मिनिटे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अडुसष्ट पूर्ण, मोठ्या डॉक्टरांच्या स्मारकगृहातील निवृत्त गाईड, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाची विधवा, राहणार बुकबाइंडरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या खुशीने आणि कोणी कान न भरता लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम एक. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि ते कोणी वाचत नाही. इथे मात्र ते वाचावे, कारण याच एका वाक्यासाठी मी हा खटाटोप केला आहे. आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष गेले आठ महिने चारचौघांत सांगत आहेत की बाईंची स्मरणशक्ती आता दगा देते. म्हणून मी रीतसर डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतले. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. तीन वेळा झाल्यावर ते म्हणाले पुरे. मी दोन उरेपर्यंत थांबले नाही. दाखला सोबत जोडला आहे. त्यावर "थोडा हट्टी स्वभाव" असेही लिहिले आहे, ते वैद्यकीय कारण नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले.

कलम दोन. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ माझ्या धाकट्या दिरांना द्यावे. अकरा वर्षे आम्ही याच घड्याळावरून बोलत नाही. ते म्हणतात घड्याळ त्यांच्या वडिलांचे, मी म्हणते ते माझ्या नवऱ्याने तीनदा मरणाच्या दारातून परत आणले, म्हणून त्याचे. आता नवराही नाही आणि लवकरच मीही नसेन, तेव्हा भांडायला उरले कोण? भाऊजींनी घड्याळ न्यावे. किल्ली मात्र माझ्या भाचीकडे राहील. किल्ली दर आठ दिवसांनी द्यावी लागते. म्हणजे आठवड्यातून एकदा तरी त्यांना माझ्या माहेरच्या माणसाच्या दारात उभे राहून चहा घ्यावा लागेल. माझी भाची चहा वाईट करते.

कलम तीन. नवऱ्याची हत्यारे, म्हणजे डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे, बारीक पेचकस आणि सुट्या चाकांचे बावीस डबे, खालच्या बुकबाइंडरला द्यावीत. त्याला घड्याळातले काही कळत नाही, पण बारीक काम करणाऱ्याच्या हातात बारीक हत्यार शोभते. माझा नवरा दिवसभरात दहा वाक्ये बोलायचा. मी कामावर दहा तास बोलून यायची. तो म्हणायचा, "तू घरचंही बोलणं तिकडेच संपवून येतेस." त्याला मी माझ्या कामातली एकच गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती पुढे येईल.

कलम चार. या दोन खोल्या, त्यातील सामान आणि बँकेतली ठेव मी स्मारकगृहाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईंच्या नावे करत आहे. सगळे त्यांना तिकीटबाई म्हणतात, मीही म्हणते. माझी भाची हे वाचून चकित होईल. तिने रागावू नये, आधी पुढची कलमे वाचावीत. (हे कलम पुढे कलम नऊने बदलले आहे. खोडून टाकता आले असते, पण मी काय ठरवले होते ते राहू दे.)

कलम पाच. आता मूळ विषय.

मोठे डॉक्टर कोण, हे सांगायला नको. साथीच्या तापाचे मूळ त्यांनी शोधले. त्यांचा पुतळा चौकात आहे, त्यांचे चित्र टपालाच्या तिकिटावर आहे. त्यांच्या घराचे स्मारकगृह झाले आणि तिथे मी चौतीस वर्षे माणसे फिरवली. घर जुने, जिना लाकडी आणि अरुंद. त्यावरून एका वेळी एकच गट चढू किंवा उतरू शकतो. खालच्या मजल्यावर शेवटी स्वयंपाकघर लागते. वरचा गट खाली उतरेपर्यंत खालच्या गटाला तिथेच धरून ठेवावे लागते. साधारण चार मिनिटे. मंडळाने आम्हाला जी छापील माहिती पाठ करायला दिली होती, तिच्यात अभ्यासिकेवर दोन पाने होती आणि स्वयंपाकघरावर दोन वाक्ये: "हे स्वयंपाकघर. चूल मूळची आहे." ही वाक्ये सावकाश म्हटली तरी दहा सेकंद लागतात. उरलेल्या वेळात पोरे चुलीत डोके घालायची, बायका पाय दुखतात म्हणायच्या आणि पुरुष घड्याळ बघायचे.

लोकांना थोर माणसाचे थोरपण ऐकायचे नसते. ते बाहेर पुतळ्याखाली वाचूनच आत आलेले असतात. त्यांना न लिहिलेले हवे असते. डॉक्टरांना मांजराची भीती वाटायची, हे मी सांगितले की शंभर चेहरे उजळायचे. हे खरे आहे, त्यांच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात आहे. पत्त्यांत हरले की ते जेवायचे नाहीत, हेही खरे. वरच्या खोलीत एक सेनापती एक रात्र पाहुणे राहिले आणि दिवा चालू ठेवून झोपले, हेही खरे. सकाळी त्यांनी तेलाबद्दल माफी मागणारी चिठ्ठी लिहिली होती. डॉक्टर जिना चढताना पायऱ्या मोजत आणि म्हणून सातवी पायरी झिजली, हे खोटे. ते माझे. पायरीचे लाकूडच हलके होते. डॉक्टरांनी स्वतःच्या लग्नात चुकून दुसऱ्याची टोपी घातली, हेही माझे. एका पावसाळी दुपारी सुचले.

आणि तिसरी वही.

डॉक्टरांनी रोग्यांच्या नोंदींच्या पाच वह्या ठेवल्या. चार काचेच्या कपाटात आहेत, तिसरी हरवली. कशी हरवली हे कोणाला माहीत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा वरचा गट काही केल्या खाली येईना. माझ्यापुढे चाळीस माणसे उभी होती. समोर चूल होती. मी म्हणाले, "आणि तिसरी वही कुठे गेली, माहीत आहे? इथे! डॉक्टरांची स्वयंपाकीण अक्षरशत्रू होती. एक दिवस सरपण ओलं निघालं. बाईंनी अभ्यासिकेतून हाताला लागली ती वही आणली आणि टराटरा फाडून चूल पेटवली. डॉक्टर म्हणाले, आजचं जेवण जगातलं सगळ्यात महागडं आहे!" चाळीस माणसे खदखदून हसली. मागचा एकजण टाळ्या वाजवू लागला. मला आजही तो आवाज आठवतो, आणि आठवून बरे वाटते, हे लिहायची लाज वाटते.

त्या दिवसापासून ती गोष्ट रोज सांगितली. दिवसाला आठ गट, कधी दहा. नव्या गाईड माझ्याकडून शिकल्या. पुढे मंडळाने चुलीच्या चित्राची कार्डे छापली, खाली "जगातलं सगळ्यात महागडं जेवण". नव्या छापील माहितीतही तिसरे वाक्य आले. मी रचलेले वाक्य मलाच अधिकृत म्हणून पाठ करायला मिळाले आणि मी ते पाठ केले.

कलम सहा. गेल्या वर्षी, मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, पाचवीच्या नव्या पाठ्यपुस्तकात मोठ्या डॉक्टरांवर धडा आला. धड्याच्या शेवटी रंगीत चौकट: "तुम्हाला माहीत आहे का?" चौकटीत माझी वही, माझी चूल, माझी अक्षरशत्रू बाई. मला आभाळ ठेंगणे झाले. पुस्तक घेऊन मी तशीच स्मारकगृहावर गेले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. तिकीटबाई खिडकीमागच्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. एकवीस वर्षे आम्ही दोघींनी त्या खोलीत एकाच स्टुलावर डबे ठेवून जेवण केले आहे. त्यांच्या मुलाच्या आजारपणात मी खिडकीवर बसले आहे आणि माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्या माझ्या घरी झोपल्या आहेत.

मी म्हणाले, "बघा! आपली चूल पुस्तकात आली. आता लाखो पोरं वाचतील."

त्यांनी पुस्तक हातात घेतले नाही. म्हणाल्या, "वाचलंय, ताई. काल नातीने मोठ्यांदा वाचून दाखवलं. प्रश्नोत्तरंपण पाठ केली तिने. वही कोणी जाळली? अशिक्षित स्वयंपाकिणीने."

"मग? आनंद नाही झाला?"

"ती माझी आजी."

मला आधी समजलेच नाही. मी विचारले, कोण? त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि मग सगळे एका सुरात सांगितले, जशा त्या तिकिटाचा दर सांगतात.

"माझी आई त्याच घरात वाढली, मागच्या खोलीत. म्हातारपणी तिला एकदा घर बघायचं होतं. तिकीट काढून गेली, तुमच्या गटात होती. घरी आली ती दोन दिवस गप्प. मग एवढंच म्हणाली, माझ्या आईला वाचता येत होतं गं. डॉक्टरांची नजर गेल्यावर रोज सकाळी तीच त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पुढच्याच वर्षी इथली जागा निघाली. मला बघायचं होतं, हे कोण सांगतं ते."

"मग सांगितलं का नाही? एवढी वर्षं!"

"पहिल्या आठवड्यात सांगणार होते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी तुमच्या डब्यातलं अर्धं मला दिलंत. मग आज सांगू, उद्या सांगू. माणूस चांगलं निघालं की भांडता येत नाही, ताई. पण आता पोरगी पाठ करते. तिला मी काय सांगू? की पुस्तकात आहे म्हणून खरं?"

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. खिडकीबाहेर लोक रांग लावू लागले तेव्हा त्या उठल्या आणि तिकिटे फाडू लागल्या. त्या खोलीच्या भिंतीपलीकडेच चूल आहे. म्हणजे एकवीस वर्षे माझ्या गटाचे हसणे दिवसातून आठ वेळा त्यांना ऐकू येत होते.

या गोष्टीचा मी खूप विचार केला आहे. मोठा माणूस आपल्यातला वाटावा म्हणून त्याच्याविषयी काहीतरी गमतीचे सांगावेसे वाटते, यात पाप नाही. पण मी डॉक्टरांची गंमत केली नाही. डॉक्टर त्या गोष्टीतही विनोदी आणि उदारच आहेत. मी त्या बाईची गंमत केली, कारण तिच्याविषयी विचारायला कोणी येणार नाही अशी माझी खात्री होती. वरच्या कपाटात डॉक्टरांचे एक पत्र आहे, शेवटच्या वर्षातले, दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेले. त्यात आहे: "सकाळी वर्तमानपत्र ऐकतो. वाचणारीचा आवाज स्वच्छ आहे." ते मी हजारो वेळा वाचून दाखवले आणि दर वेळी सांगितले की ही नर्स असावी. त्या काळात घरात नर्स नव्हती. हे मी आता नोंदी काढून पाहिले. आधी पाहावे असे वाटलेच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कलम सात. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना माझ्याकडून ती छापील माहितीची मूळ प्रत मिळावी, जिच्यात स्वयंपाकघरावर फक्त दोन वाक्ये आहेत. त्यांनी ती जपून ठेवावी. त्या दोन वाक्यांत खोटे काही नाही.

मी त्यांच्याकडे तीनदा गेले. पहिल्या वेळी ते हसले. म्हणाले, "बाई, लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते स्वयंपाकघर. आता कशाला काड्या करता?" दुसऱ्या वेळी म्हणाले पुरावा आणा. मी म्हणाले, गोष्ट मी रचली, हाच पुरावा. ते म्हणाले, "तुम्ही रचली म्हणता, पण पाठ्यपुस्तकात आहे, कार्डावर आहे, आपल्या छापील माहितीत आहे. तीन ठिकाणी लिहिलेलं खरं, की तुमची एकटीची आठवण?" मी पत्र दाखवले. ते म्हणाले त्यात स्वयंपाकीण कुठे लिहिले आहे? हे मात्र बरोबर आहे, तसे लिहिलेले नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि हळू आवाजात विचारले की घरी कोण असते, एकट्या राहता का. बाहेर आल्यावर नव्या गाईडने दयेने माझा हात धरला, तेव्हा समजले की माझ्याविषयी काय पसरले आहे. पाठ्यपुस्तकवाल्यांनाही लिहिले. उत्तर आले: "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

म्हणून मृत्युपत्र. वकील म्हणाले, बाकी कुठल्याही कागदाला म्हाताऱ्या माणसाचा भ्रम म्हणता येते. या एका कागदाला डॉक्टरचा दाखला आणि दोन साक्षीदार लागतात.

कलम आठ. मी शुद्ध बुद्धीने जाहीर करते की मोठ्या डॉक्टरांच्या स्वयंपाकिणीने तिसरी वही जाळली, ही गोष्ट माझी आहे. मी ती चार मिनिटे भरून काढण्यासाठी रचली. तिला कुठलाही आधार नव्हता. तिसऱ्या वहीचे काय झाले, हे मला माहीत नाही आणि दुसऱ्या कोणाला माहीत असल्याचे मी ऐकलेले नाही. त्या बाईंना वाचता येत होते, असे त्यांच्या मुलीने सांगितले आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवते. न विचारता मी जे सांगितले त्यावर लोकांनी चौतीस वर्षे विश्वास ठेवला, त्यापेक्षा हा विश्वास बरा. मी त्यांची, त्यांच्या मुलीची आणि नातीची माफी मागते.

हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. वकिलांनी डोक्याला हात लावला, म्हणाले मृत्युपत्र जिवंतपणी वाचत नाहीत. मी म्हणाले, मग तुम्ही वाचू नका. येत्या मंगळवारी स्मारकगृह उघडले की मी खिडकीवर तिकीट काढणार, गटाबरोबर स्वयंपाकघरात जाणार आणि वरचा गट खाली उतरेपर्यंत हे कलम मोठ्याने वाचणार. घरी म्हणून पाहिले, वेळेत बसते. मला बाहेर काढले तर बुधवारी पुन्हा तिकीट काढीन. माझ्या पश्चात माझ्या भाचीने या कलमाच्या प्रती काढून शाळांना पाठवाव्यात, पहिली प्रत तिकीटबाईंच्या नातीच्या शाळेत. मला फार मोठी आशा नाही. खोटी गोष्ट हसत पसरली, खरी कोणाला हसवणार नाही. पण एका मुलीला प्रश्नाचे उत्तर बदलून लिहिता आले पाहिजे.

कलम नऊ. इथवर लिहून मी कागद तिकीटबाईंना दाखवला, निदान घराचे त्यांना आधी समजावे म्हणून. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग कलम चारवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काढा."

"का? माझं घर, माझी मर्जी."

"घर देऊन मोकळं होता येत नसतं, ताई. आणि मला मोबदला दिला असं उद्या कोणी म्हणालं तर? तुमचे ते अध्यक्ष म्हणतीलच की, घरासाठी म्हातारीकडून लिहून घेतलं."

हे मला सुचले नव्हते. खरे तर सुचायला हवे होते, लोक कशावर विश्वास ठेवतात यावर तर माझे पोट भरले.

"मग तुम्हाला काय देऊ?"

"साक्षीदार कोण आहे?"

मी म्हणाले, एक डॉक्टर, ज्यांनी तपासले ते. दुसरा अजून ठरला नाही. बुकबाइंडरला विचारणार होते, पण त्याला हत्यारे दिली आहेत, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात.

"मग मला काहीच देऊ नका," त्या म्हणाल्या. "मी सही करते."

सबब कलम चार मी रद्द करते. खोल्या, सामान आणि ठेव माझ्या भाचीला मिळावी. तिकीटबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, अगदी डब्याचे झाकणही नाही, हे त्यांच्याच सांगण्यावरून स्पष्ट लिहीत आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने करावी.

स्थळ: राहत्या घरी, खिडकीजवळचे टेबल. दिवस: सोमवार, स्मारकगृहाच्या सुट्टीचा. तारीख वर वकिलांच्या शिक्क्यात आहे.

सही: निवृत्त गाईड, डाव्या हाताचे बोट थरथरते, उजव्याचे नाही.

साक्षीदार पहिला: यांना मी तपासले आहे. यांनी माझ्यासमोर सही केली. सही, डॉक्टर.

साक्षीदार दुसरी: यांनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचला पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. मी वाचला. कलम सहामध्ये आई दोन दिवस गप्प होती आणि मग एवढेच म्हणाली, असे आहे. तसे मीच ताईंना सांगितले होते. ते पूर्ण नव्हते. आई आणखी एक म्हणाली होती, "सगळे हसले तेव्हा मीपण हसले." हे आज लिहिले. सही, मोठ्या डॉक्टरांच्या घरच्या स्वयंपाकिणीची नात.